हवेत क्षणभर नियंत्रण सुटणे: किनारपट्टीवरील मॉडेल विमानांच्या रेडिओ यंत्रणेची तपासणी

पावसाळा संपतो, सड्यावरचे (जांभ्याच्या सपाट पठारावरचे) गवत पिवळे पडू लागते आणि रत्नागिरीपासून मालवणपर्यंत मॉडेल विमाने उडवणाऱ्या मंडळींची एकच तक्रार दरवर्षी नव्याने ऐकू येते. चार महिने कपाटात ठेवलेले विमान घरी व्यवस्थित चालते, मैदानावर उड्डाणापूर्वी पंखांवरचे एलेरॉन, शेपटीवरचे एलेव्हेटर आणि रडर या हलत्या फळ्या बरोबर हलतात, आणि हवेत गेल्यावर एखाद्या जोरकस वळणात सेकंद-दोन सेकंद हातातल्या ट्रान्समीटरच्या स्टिकला काहीच दाद मिळत नाही. कधी विमान आपोआप सावरते, कधी नाक खाली घालून कातळावर आदळते. खाली आल्यावर बॅटरी पुन्हा जोडली की सगळे पूर्ववत चालू होते, त्यामुळे दोष कुठे होता याचा मागमूस उरत नाही. मग "रेंज गेली" असे म्हणून विमानातला, संकेत पकडणारा रिसीव्हर नवा मागवला जातो, आणि पुढच्या मोसमात तोच प्रकार पुन्हा घडतो.

किनाऱ्यालगतच्या गावांतील अशी विमाने उघडून पाहताना माझे मत पक्के होत गेले आहे, की यांतील बहुतेक प्रसंगांत रेडिओ लहरींचा काही दोष नसतो. रिसीव्हरला आणि फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरांना, म्हणजे सर्व्होंना, मिळणारा वीजपुरवठा क्षणभर तुटलेला असतो, आणि तो तुटण्याचे मूळ खाऱ्या, दमट हवेत असते. म्हणून आधी वीजेची वाट तपासावी, मग फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर काय करायचे याची रिसीव्हरला आधीच दिलेली आज्ञा), आणि त्यानंतरच रेंज, हा क्रम मी आग्रहाने सांगतो. क्रम उलटा केला तर अर्धवट गंजलेल्या कनेक्टरसकट रेंजची चाचणी कधीकधी उत्तमरीत्या पार पडते, आणि त्या खोट्या भरवशावर विमान हवेत जाते.

लक्षण नीट ओळखणे

उड्डाण संपल्यावर, आठवण ताजी असतानाच, हवेत नेमके काय घडले ते वहीत लिहून काढावे. मोटर बंद पडली पण एलेरॉन आणि एलेव्हेटर स्टिकप्रमाणे हलत राहिले, तर रेडिओकडे पाहण्याचे कारणच नाही. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ईएससीने बॅटरीचे व्होल्टेज उतरल्यामुळे किंवा स्वतः तापल्यामुळे मोटर तोडलेली असते. एकच सर्व्हो थरथरत असेल आणि बाकीचे शांत असतील, तर दोष त्या सर्व्होत किंवा त्याच्या वायरीत आहे. असा सर्व्हो स्टिक अगदी सावकाश फिरवून पाहिला आणि तो दर वेळी एकाच ठिकाणी अडखळला, तर त्याच्या आतील, सर्व्हो कुठे आहे ते मोजणाऱ्या पोटेन्शियोमीटरवर ओल किंवा क्षार साचला आहे, अथवा गिअरचा दात झिजला आहे, असे समजावे.

खरी गफलत होते ती सगळेच एकदम थांबल्यावर. सिग्नल तुटला असेल तर रिसीव्हर जिवंत असतो. तो फेलसेफमध्ये जातो, थ्रॉटल (मोटरच्या वेगाचे नियंत्रण) बंद करतो, सर्व्हो ठरवून दिलेल्या जागी किंवा शेवटच्या जागी घट्ट धरून ठेवतो, आणि सिग्नल परत येताच नियंत्रण जवळजवळ तत्काळ परत देतो. वीज तुटली असेल तर रिसीव्हर स्वतःच बंद पडून पुन्हा सुरू होतो. तेवढ्या वेळात सर्व्होंत बळ नसते, वाऱ्याच्या दाबाने एलेव्हेटर सरळ होतो, आणि वीज आल्यावरही रिसीव्हर ट्रान्समीटरला पुन्हा शोधेपर्यंत आणखी काही क्षण जातात. काही रिसीव्हर असे पुन्हा सुरू झाल्यावर आपला दिवा लुकलुकता ठेवतात. म्हणून विमान खाली आल्यावर बॅटरी काढण्याआधी दिव्याकडे पाहण्याची सवय लावावी. पुष्कळ जण घाईने आधी बॅटरी काढतात आणि तिथेच पुरावा नाहीसा होतो. टेलिमेट्री, म्हणजे विमानाकडून ट्रान्समीटरला परत माहिती येण्याची सोय, असेल तर काम आणखी सोपे आहे: उड्डाणातील रिसीव्हरचे किमान व्होल्टेज आणि सिग्नलची किमान पातळी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले, की कोणते आधी कोसळले ते कळते.

आणखी एक खूण उपयोगी पडते. घटना वळणात, लूपमध्ये किंवा उतरताना फ्लॅप सोडताना, म्हणजे तीन-चार सर्व्हो एकाच वेळी जोर लावत असताना घडली असेल, तर संशय विजेवर जातो. विमान लांब, सरळ आणि शांत जात असताना घडली असेल, तर सिग्नलवर.

खारी हवा नेमके काय करते

समुद्रावरून येणारे खारे वारे मिठाचे अतिसूक्ष्म तुषार आत आणतात. शुद्ध मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतले पाणी शोषून स्वतःच विरघळते, आणि समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असल्यामुळे ते याहून पुष्कळ कमी आर्द्रतेलाही ओलसर राहतात. जून ते सप्टेंबर आपल्या किनाऱ्यावर हवा बहुतेक काळ या मर्यादेच्या वरच असते. याचा अर्थ कपाटात ठेवलेल्या विमानाच्या कनेक्टरवर, पाण्याचा एक थेंबही न पडता, चार महिने खाऱ्या पाण्याचा पातळ थर असतो. ऑक्टोबरच्या कोरड्या दुपारी तो वाळतो आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. पहाटेच्या दवात तो पुन्हा ओला होतो. दोष घरी सापडत नाही आणि सकाळी मैदानावर प्रकट होतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

सर्व्होच्या प्लगमधील पिनांवर सोन्याचा मुलामा असला तरी तो फार पातळ असतो आणि त्यातील सूक्ष्म छिद्रांतून क्षार आतल्या निकेलपर्यंत व तांब्यापर्यंत पोचतात. स्वस्त एक्स्टेन्शन वायरीत एका बाजूची पिन सोनेरी आणि दुसऱ्या बाजूचे सॉकेट कथिलाचे असते. मोटरच्या कंपनाने ही जोडी एकमेकांवर घासत राहते आणि मध्ये ऑक्साइडची काळपट भुकटी तयार होते. अशा जोडणीचा अवरोध जेमतेम ०.३ ओहम झाला, तरी तीन अँपिअर प्रवाह ओढला जाताना ०.९ व्होल्ट तिथेच खर्च होतात. बॅटरीचे व्होल्टेज उतरवून रिसीव्हरला वीज देणारा बीईसी इमानेइतबारे ५ व्होल्ट देत असताना रिसीव्हरपर्यंत ४.१ पोचतात, आणि त्यात आणखी एका खराब जोडणीची भर पडली की रिसीव्हर बंद पडण्याच्या पातळीवर येतो. बहुतेक रिसीव्हर ३.५ व्होल्टच्या आसपास तग धरतात. काही त्याआधीच हात टेकतात.

इथे एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. पिन बाहेरून स्वच्छ असूनही संशय राहिला, तर वायरीचे आवरण कनेक्टरपासून अर्ध्या इंचावर ब्लेडने अलगद सोलावे. निरोगी तार गुलाबी-तांबूस आणि चकचकीत असते. क्षार शिरलेली तार काळी दिसते, नखाने ओढली तर तिचे केस सुटे होऊन तुटतात, आणि तिच्यावर सोल्डर धरत नाही. ते गोळी होऊन घरंगळते. हा काळेपणा तारेच्या आतून, आवरणाखाली, सहज काही इंच सरकतो, आणि तो बहुधा ऋण म्हणजे काळ्या किंवा तपकिरी वायरीत आढळतो. अशी तार घासून वाचवता येत नाही. आवरणाखाली चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे कापावे, आणि तेवढी लांबी उरत नसेल तर पूर्ण वायर बदलावी.

वाळूविषयीही सांगितले पाहिजे. रत्नागिरी परिसरातील अनेक पुळणींवर काळ्या खनिज वाळूचे पट्टे असतात आणि त्यांत मॅग्नेटाइटचे कण असतात. ब्रशलेस मोटरच्या चुंबकांना हे कण जाऊन चिकटतात आणि झटकून निघत नाहीत. ते फिरत्या व स्थिर भागांमधल्या फटीत अडकले की मोटर जादा प्रवाह ओढते, ईएससी तापते, आणि त्याच ईएससीतील बीईसीवरून चालणारा रिसीव्हर संकटात येतो. पुळणीवर उतरलेल्या विमानाची मोटर हाताने फिरवून पाहावी. करकर ऐकू आली तर ती उघडून, चिकटपट्टीच्या टोकाने एकेक कण उचलून घ्यावा. हवेच्या फवाऱ्याने हे कण फक्त जागा बदलतात.

टेबलावरील तपासणी

यापुढील प्रत्येक कामाआधी प्रोपेलर काढून ठेवावा. मोटरची वायर सोडली आहे, थ्रॉटल कटचा स्विच लावला आहे, ही कारणे प्रोपेलर तसाच ठेवण्यास पुरेशी नाहीत. सेटिंग बदलताना चॅनल (एका सर्व्होची किंवा मोटरची आज्ञावाट) उलटा होतो, चुकीची मॉडेल मेमरी निवडली जाते, बाइंड करताना, म्हणजे रिसीव्हरची ट्रान्समीटरशी जोडी जमवताना, रिसीव्हर क्षणभर भलताच संकेत देतो, आणि मोटर पूर्ण वेगाने सुरू होते. बोटावर आलेले दहा इंची प्रोपेलरचे पाते काय करते ते ज्याने पाहिले आहे, त्याला हे पुन्हा सांगावे लागत नाही.

सुरू करताना आधी ट्रान्समीटर, नंतर विमान. बंद करताना आधी विमान, नंतर ट्रान्समीटर. थ्रॉटलची स्टिक दोन्ही वेळी तळाशी असली पाहिजे.

व्होल्टेज मोजण्यासाठी मल्टिमीटरच्या तारा रिसीव्हरच्या एखाद्या रिकाम्या चॅनलच्या धन आणि ऋण पिनांना लावाव्यात. आधी सगळे शांत असतानाचा आकडा पाहावा. मग दोन्ही स्टिक एकदम, जोरात, गोल फिरवाव्यात आणि त्याच वेळी सोबत्याने एलेरॉन व एलेव्हेटर बोटांनी हलकेच अडवून धरावेत, म्हणजे हवेतला भार थोडाफार निर्माण होतो. सर्व्हो पूर्ण अडवू नये; तसे केले तर गिअर तुटतो. साधे मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीन वेळाच आकडा बदलते, त्यामुळे काही मिलिसेकंदांची घसरण त्यावर दिसत नाही. किमान मूल्य पकडून ठेवणारे मीटर किंवा टेलिमेट्रीतील किमान आकडा अधिक विश्वासाचा. साध्या मीटरवरच ५ व्होल्टचा पुरवठा ४.५ पर्यंत उतरलेला दिसला, तर खरी घसरण त्याहून मोठी आहे असे गृहीत धरून उड्डाण रद्द करावे.

आकडा उतरत असेल तर मीटरची एक तार बीईसीच्या धन टोकावर ठेवून दुसरी टप्प्याटप्प्याने पुढे सरकवावी: स्विचच्या आधी, स्विचनंतर, एक्स्टेन्शनच्या आधी, नंतर. भार असताना ज्या दोन बिंदूंमध्ये फरक उडी मारतो, तिथे दोष आहे. ऋण बाजूलाही हेच करावे, कारण काळी पडणारी तार बहुधा त्या बाजूची असते आणि तीच तपासायची राहून जाते. छोट्या सरकत्या स्विचवर माझा विश्वास नाही. किनाऱ्यावरच्या विमानात तो नसलेलाच बरा, आणि ठेवायचाच असेल तर दरवर्षी नवा.

बीईसी मुळातच अपुरा असणे हेही तितकेच नेहमीचे कारण आहे. लिनिअर प्रकारचा बीईसी जादा व्होल्टेज उष्णतेत घालवतो. पूर्ण भरलेली ३एस, म्हणजे तीन सेलची, लिपो बॅटरी १२.६ व्होल्टची असते. रिसीव्हर व सर्व्हो मिळून सरासरी एक अँपिअर घेत असतील, तर १२.६ वजा ५ म्हणजे ७.६ वॉट उष्णता त्या छोट्या चिपने बाहेर टाकायची असते. एप्रिल-मे महिन्यांत, दुपारी, बंद फ्युजलाजमध्ये (विमानाच्या धडात) तिला ते जमत नाही; ती स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते आणि थंड झाली की पुन्हा सुरू होते. ३एस किंवा त्याहून मोठ्या बॅटरीवर चार सर्व्हो चालवायचे असतील, तर स्विचिंग प्रकारचा वेगळा बीईसी बसवावा. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलला मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जोडून क्षणिक घसरण झाकता येते आणि काही विमानांत तो उपयोगीही असतो, पण गंजलेल्या जोडणीवरचा तो इलाज नव्हे.

लाकडी विमानांत आणखी एक गोष्ट पाहावी. पावसाळ्यात बाल्सा आणि प्लायवुड फुगते, बिजागऱ्या आवळतात आणि सर्व्होला हलत्या फळीशी जोडणारा पुशरॉड नळीत रखडतो. सर्व्हो मधोमध असताना गुणगुणत राहिला, तर तो सतत प्रवाह ओढत आहे. पुशरॉड सर्व्होपासून सोडवून सरफेस (हलती फळी) हाताने हलवावा. तो कुठेही न अडकता हलला पाहिजे. एण्ड पॉइंटला, म्हणजे हालचालीच्या टोकाला, सर्व्हो टेकत असेल तर ट्रान्समीटरमधील ट्रॅव्हल (हालचालीची मर्यादा) कमी करावे.

फेलसेफ आणि दिशा

प्रोपेलर काढलेलाच असू द्यावा. मोटर हळू फिरेल इतका थ्रॉटल देऊन ट्रान्समीटर बंद करावा. एक-दोन सेकंदांत मोटर थांबली पाहिजे. ती फिरत राहिली, तर फेलसेफ लागलेला नाही किंवा चुकीचा लागला आहे, आणि असे विमान सिग्नल तुटल्यावर बॅटरी संपेपर्यंत कुठेही जाईल. किनाऱ्यावर ते लोकांवर किंवा होड्यांवर जाईल. पुष्कळ रिसीव्हर बाइंड होताना स्टिक जिथे असतील त्या जागा फेलसेफ म्हणून लक्षात ठेवतात. थ्रॉटल थोडा वर असताना बाइंड केले, तर मोटर चालू ठेवण्याचीच आज्ञा साठवली जाते. चॅनल उलटा केल्यावर, ईएससी बदलल्यावर किंवा नव्याने बाइंड केल्यावर ही चाचणी पहिल्यापासून करावी. ट्रान्समीटर पुन्हा सुरू करण्याआधी थ्रॉटल तळाशी आणण्यास विसरू नये.

दिशेची चाचणी विमानाच्या मागे उभे राहून करावी. स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर उठतो आणि डावा खाली जातो. स्टिकवरचा अंगठा ज्या बाजूला झुकतो, त्या बाजूचा एलेरॉन वर, एवढे लक्षात ठेवले की पुरे. एलेव्हेटरची स्टिक आपल्याकडे ओढली की मागची कड वर उठते, रडर उजवीकडे दिला की उजवीकडे वळतो. "हलते आहे" एवढ्यावर समाधान मानू नये. कोणत्या दिशेने हलते ते मोठ्याने म्हणावे आणि सोबत्याने ते ऐकून दुजोरा द्यावा. दुरुस्तीत सर्व्होचे प्लग काढून पुन्हा लावताना दोन चॅनल अदलाबदल होणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे, आणि उलटा एलेरॉन असलेले विमान जमीन सोडल्यावर वाचवणे जवळजवळ अशक्य असते. विमान आपोआप सरळ ठेवणारा स्टॅबिलायझर किंवा गायरो असेल तर विमान हातात धरून उजवीकडे कलते करावे. त्याने उजवा एलेरॉन खाली ढकलून विमान सरळ करू पाहिले पाहिजे. उलटे घडले तर गायरोची दिशा चुकीची आहे.

रेंजची चाचणी, मोटर चालवून

वीज आणि फेलसेफ दोन्ही समाधानकारक झाल्यावर मग मैदानावर जावे. सकाळी लवकर, मतलई वारे ओसरण्याच्या सुमारास, हवा शांत असते आणि गर्दी नसते; तपासणीसाठी ती वेळ सर्वांत चांगली.

ट्रान्समीटरमध्ये रेंज-चेकची सोय असते, जी प्रक्षेपणाची शक्ती मुद्दाम पुष्कळ घटवते. या स्थितीत साधारण ३० मीटर किंवा ३० पावलांवर पूर्ण नियंत्रण राहावे, असे अनेक उत्पादक सांगतात. आपल्या संचाच्या पुस्तिकेतील आकडा अंतिम समजावा. विमान जमिनीवर ठेवू नये, आणि ओल्या वाळूवर तर मुळीच नाही, कारण जमिनीलगत लहरी क्षीण होतात आणि आकडा फसवा येतो. मासळीचे प्लास्टिकचे दोन क्रेट एकावर एक ठेवले की उत्तम उंचीचा चौथरा होतो. मोटर बंद ठेवून, विमानाचे नाक, शेपूट आणि दोन्ही पंख आळीपाळीने आपल्याकडे करून, कोणत्या बाजूला किती पावलांवर सर्व्हो अडखळू लागतात ते लिहून ठेवावे. एका बाजूचे अंतर बाकीच्यांपेक्षा खूपच कमी आले, तर त्या बाजूने बॅटरी, मोटर किंवा कार्बन फायबरचा भाग अँटेनाच्या आड येतो आहे.

यानंतरचा भाग पुष्कळ जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्या तपासणीत तोच सर्वांत मोलाचा आहे. प्रोपेलर नसताना मोटर फारच थोडा प्रवाह घेते, त्यामुळे ईएससीचा विद्युत गोंगाट आणि बॅटरीची घसरण यांपैकी काहीच खऱ्या प्रमाणात दिसत नाही. म्हणून या एकाच चाचणीसाठी प्रोपेलर लावावा. विमान क्रेटवरून उतरवून न घसरणाऱ्या टेबलावर ठेवावे आणि शेपटीजवळून दोरीने गाडीच्या ओढकड्याला बांधावे. सड्यावर मेखा ठोकू नयेत. या सड्यांवर ठिकठिकाणी कातळशिल्पे आहेत आणि सगळी अजून नोंदलेली नाहीत. सोबत्याने पंखाच्या मागे गुडघ्यावर बसून विमान दोन्ही हातांनी धरावे. प्रोपेलरच्या समोर किंवा त्याच्या फिरण्याच्या प्रतलात कोणीही उभे राहू नये. ट्रान्समीटरचा गळपट्टा, ओढणी, टोपीची दोरी हे सगळे आधी आवरून घ्यावे. मग ठरलेल्या अंतरावरून थ्रॉटल हळूहळू अर्ध्यापर्यंत, नंतर थोडा वेळ पूर्ण न्यावा आणि त्याच वेळी बाकीचे सर्व्हो हलवत राहावे. आधीच्या मापापेक्षा अंतर ठळकपणे घटले किंवा सर्व्हो उड्या मारू लागले, तर दोष मोटरच्या बाजूने येतो आहे: अँटेना ईएससीच्या किंवा बॅटरीच्या जाड तारांना खेटलेली असते, अथवा बीईसी भाराखाली वाकतो.

चाचणी संपताच रेंज-चेक बंद झाल्याची पडद्यावर खात्री करावी. घटलेल्या शक्तीवर उडवलेले विमान मैदानाच्या टोकालाही पोचत नाही.

सिग्नल खरोखरच तुटत असेल तर

२.४ गिगाहर्ट्झ लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते आणि तिच्या चौथ्या भागाइतके, म्हणजे साधारण ३१ मिलिमीटर, अँटेनाचे उघडे टोक काम करते. मागची जाळीदार आवरण असलेली तार फक्त वाहक आहे. ते टोक दुमडलेले, तुटलेले किंवा वायरींच्या जुडग्यात गुंडाळलेले असता कामा नये. दोन अँटेना असतील तर त्या एकमेकींशी काटकोनात आणि शक्य तितक्या दूर बसवाव्यात, म्हणजे विमान कसेही वळले तरी एक तरी अँटेना ट्रान्समीटरला बरी दिसते. ट्रान्समीटरच्या अँटेनाचे टोक विमानाकडे रोखू नये, कारण टोकाच्या दिशेने प्रक्षेपण सर्वांत कमी असते.

आपल्याकडच्या जागांचे दोन दोष ओळखून ठेवावेत. नारळी-पोफळीच्या दाट बागा पाण्याने भरलेल्या असतात आणि २.४ गिगाहर्ट्झ लहरी शोषून घेतात. बागेच्या आड गेलेले विमान दिसेनासे होण्याबरोबरच ऐकेनासेही होते. कड्याच्या काठावर ग्लायडर उडवताना माणूस दहा पावले आत उभा असतो आणि ग्लायडर कड्याच्या पातळीखाली उतरतो. मध्ये जांभ्याचा कडा येतो आणि संपर्क जागच्या जागी तुटतो. अशा ठिकाणी विमान दिसत राहील असे उभे राहावे, पण काठाच्या सुट्या दगडांवर नव्हे. वायफाय आणि पर्यटकांच्या मोबाइलवर मात्र पुष्कळदा उगीच ठपका ठेवला जातो. सध्याचे संच सतत वारंवारता बदलत असल्यामुळे ते त्या गर्दीतून सहसा वाट काढतात.

परदेशातून आणलेल्या ९१५ मेगाहर्ट्झच्या संचाबाबत सावध राहावे. भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा २००५ सालापासून ठरावीक शक्तीपर्यंत परवानामुक्त आहे, पण ९१५ चा पट्टा तसा नाही, आणि तो मोबाइल सेवेच्या वारंवारतांवर चढतो. उड्डाणापूर्वी ड्रोनसाठीच्या सरकारी डिजिटल स्काय नकाशावर आपली जागा तपासावी. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगी लागते आणि ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर. चिपी विमानतळामुळे वेंगुर्ले-मालवण भागातील अनेक जागा या हिशेबात येतात. कासवांच्या विणीच्या काळात वेळास, आंजर्ले यांसारख्या पुळणी टाळाव्यात.

दुरुस्ती आणि पुढचा पावसाळा

थोडे मळलेले प्लग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने स्वच्छ करून, काही वेळा आत-बाहेर करून, पूर्ण वाळवावेत. हिरवी पुटे चढलेले प्लग सरळ कापून टाकावेत; त्यांची किंमत विमानापुढे काहीच नाही. उघड्या सर्किट बोर्डांवर अॅक्रिलिक कोटिंगचा पातळ हात द्यावा, मात्र कनेक्टर, बटणे आणि बॅरोमीटरचे छिद्र आधी चिकटपट्टीने झाकून. रिसीव्हर वॉरंटीत असेल तर तो उघडू नये.

जूनच्या आधी रिसीव्हर, ईएससी आणि ट्रान्समीटर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावेत आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करावे. तांदळाच्या डब्यात ठेवण्याची पद्धत आहे, पण तांदळाची पूड कनेक्टरमध्ये जाते. लिपो बॅटऱ्या प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास आणून वेगळ्या, आगीपासून सुरक्षित जागी ठेवाव्यात. माळ्यावर किंवा चुलीजवळ कधीही नव्हे. महिन्यातून एकदा सगळे बाहेर काढून चालवावे.

विमान समुद्रात पडले, तर बाहेर काढताच पहिल्यांदा बॅटरी तोडावी आणि ती उघड्यावर, कोरड्या वाळूत, माणसांपासून दूर ठेवून नजर ठेवावी. खाऱ्या पाण्यातून काढलेली लिपो काही तासांनीही पेटू शकते आणि ती पुन्हा वापरू नये. बाकीचे भाग वाळण्याआधीच भरपूर गोड्या पाण्याने धुवावेत, मग अल्कोहोलने, आणि पंख्याखाली दोन दिवस सुकवावेत. त्यानंतर ते चालले तरी सर्व्हो आणि ईएससी टेबलावरच्या प्रयोगांसाठी ठेवावेत, आणि तो रिसीव्हर पुन्हा कोणत्याही विमानात बसवू नये.